असला तर, असता तर: इंग्रजीतली जर-तरची वाक्यं पक्की कशी करायची

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुठल्याही कट्ट्यावर उभं राहा, निम्मं बोलणं जर-तरचं असतं. कोयनेतून विसर्ग वाढवला तर काय, आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं तर कुठे जायचं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे आधी उघडले असते तर काय झालं असतं. बोलताना कुणी अडखळत नाही. हीच मंडळी मुलाखतीला इंग्रजीत बोलायला बसली की ‘इफ’ म्हणून थांबतात. पुढे वर्तमानकाळ घ्यायचा की भूतकाळ? ‘विल’ की ‘वुड’?

शाळेत या वाक्यांना शून्य, एक, दोन, तीन असे नंबर दिलेले असतात. पेपरात गाळलेल्या जागा भरायला ते पुरतात. बोलताना मात्र हे वाक्य कितव्या नंबरचं, असा विचार करेपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. म्हणून इथे नंबर बाजूला ठेवू आणि आपल्या मराठी कानाला कामाला लावू. त्याला यातलं निम्मं व्याकरण आधीच येतं.

पायरी पहिली: ‘तर’च्या आधी काय ऐकू येतं?

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा.

पैसे असले तर तासगावला बाग घेऊ.
पैसे असते तर तासगावला बाग घेतली असती.

पहिल्यात पैसे असतीलही, नसतीलही. बोलणाऱ्याने आशा सोडलेली नाही. दुसऱ्यात पैसे नाहीत, हे दोघांनाही ठाऊक आहे. फरक ‘ले’ आणि ‘ते’ एवढाच. आला तर, पडला तर, असली तर, मिळाले तर, ही सगळी ‘ला-तर’ची घराणी. असता तर, आली असती तर, मिळाले असते तर, ही ‘ता-तर’ची. ‘ला-तर’ म्हणजे गोष्ट अजून घडू शकते. ‘ता-तर’ म्हणजे ती तशी नाही, किंवा तशी झाली नाही. ‘तू येशील तर’ आणि ‘तू जाणार असशील तर’ हे प्रकार ‘ला-तर’मध्येच धरा.

पहिले काही दिवस इंग्रजी वाक्य बनवूच नका. घरात, एसटीत, बाजारात कानावर पडलेलं जर-तरचं वाक्य ‘ला’ आहे की ‘ता’ आहे, एवढंच मनात ओळखा. एवढं जमलं की पुढे चुका निम्म्याने कमी होतात.

पायरी दुसरी: ‘ला-तर’ला वर्तमानकाळ

‘ला-तर’ असेल तर ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ येतो आणि दुसऱ्या बाजूला ‘विल’.

‘इफ द वॉटर क्रॉसेस फॉर्टी-फाइव्ह फीट, वी विल मूव्ह टू माय अंकल्स हाउस.’
पाणी ४५ फुटांच्या वर गेलं तर आम्ही काकांकडे जाऊ.

इथे मराठी माणूस दोन ठिकाणी घसरतो. एक, मराठीत ‘गेलं’, ‘पडला’ ही रूपं भूतकाळासारखी दिसतात, म्हणून तो ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ म्हणतो. इंग्रजी कानाला ते ‘पडणार तर नाही, पण समजा पडलाच’ असं लागतं. दुसरं, गोष्ट उद्याची म्हणून तो ‘इफ इट विल रेन’ म्हणतो. साध्या अटीत ‘इफ’ला लागून ‘विल’ बसत नाही. ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ असं कुठे ऐकाल, ते बरोबरच आहे. पण तिथे ‘विल’चा अर्थ ‘जरा थांबायची तयारी असेल तर’ असा विनंतीचा आहे. तो प्रकार सध्या सोडून द्या.

आता ‘ला-तर’मधली एक पोटजात. हळदीत चुना मिसळला तर ती लाल होते. हे उद्यापुरतं नाही, कुणीही कधीही मिसळा, होणारच. कुंकू पूर्वापार असंच करत आले आहेत. अशा कायमच्या नियमाला दोन्ही बाजूंना वर्तमानकाळ:

‘इफ यू मिक्स टर्मरिक विथ लाइम, इट टर्न्स रेड.’

ओळखायची खूण सोपी आहे. ‘तर’ काढून ‘की’ घाला. ‘हळदीत चुना मिसळला की ती लाल होते’ हे अर्थ न बदलता चालतं, म्हणून ‘विल’ नको. ‘पाणी ४५ फुटांवर गेलं की काकांकडे जाऊ’ म्हटलं तर मात्र अर्थ बदलतो. पाणी जाणारच आहे असं गृहीत धरल्यासारखं होतं. हाच ‘इफ’ आणि ‘व्हेन’मधला फरक. ‘दादा आला की जेवू’ म्हणजे ‘व्हेन दादा कम्स, वी विल ईट’. ‘दादा आला तर जेवू’ म्हणजे ‘इफ दादा कम्स’, आणि तो येईल याची खात्री नाही. क्रियापद दोन्हीकडे वर्तमानकाळातलंच.

दुसऱ्या बाजूला दरवेळी ‘विल’च हवं असं नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘शुड’ चालतात, थेट आज्ञाही चालते: ‘इफ द सायरन साउंड्स, लीव्ह द हाउस.’ आणि ‘तो मिरजेला पोचला असला तर फोन करेल’ या वाक्यात पोचणं झालेलं असू शकतं, म्हणून ‘इफ ही हॅज रीच्ड मिरज, ही विल कॉल.’ ‘पोचला असला’ आणि ‘पोचला असता’ यातलं अंतर आता कानाला जाणवायला हवं.

पायरी तिसरी: ‘ता-तर’ ऐकलं की विचारा, आज की तेव्हा?

खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

‘माझ्याकडे गाडी असती तर मी तुला सोडलं असतं.’ हे वाक्य मी आत्ता स्टँडवर उभा राहून म्हणू शकतो, आणि गेल्या वर्षीच्या प्रसंगाबद्दलही म्हणू शकतो. मराठीला दोन्हीकडे तेच वाक्य पुरतं. कधीचं, ते ऐकणारा संदर्भाने ओळखतो. इंग्रजी इथे ऐकत नाही, दोन वेगळी वाक्यं मागते.

आजची गोष्ट: ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू.’
तेव्हाची गोष्ट: ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू.’

पहिल्या वाक्यात ‘हॅड’ हे भूतकाळाचं रूप आहे, पण वाक्य आत्ताचं आहे. याने भले भले गोंधळतात. इंग्रजी भूतकाळाचं रूप दोन कामांना वापरते: कालच्या गोष्टीला आणि खऱ्या नसलेल्या गोष्टीला. आजची खोटी गोष्ट सांगायची तर काळ एक पायरी मागे. कालची खोटी गोष्ट सांगायची तर कालचं रूप आधीच मागे आहे, म्हणून अजून एक पायरी मागे, म्हणजे ‘हॅड’ आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. ‘हॅड हॅड’ कानाला विचित्र लागतं, पण ते शुद्ध आहे. पहिला ‘हॅड’ काळाचा, दुसरा ‘असणं’ या अर्थाचा.

‘इफ आय वॉज’ की ‘इफ आय वेअर’? बोलताना दोन्ही चालतात. परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात सगळ्यांना ‘वेअर’ लावा: ‘इफ ही वेअर हिअर’. ‘तुझ्या जागी मी असतो तर’ याला मात्र ‘इफ आय वेअर यू’ हेच ठरलेलं आहे.

उलट-फेर: सगळ्यात उपयोगी सराव

सूत्र पाठ करण्यापेक्षा हा सराव करा. आधी खरी वस्तुस्थिती साध्या इंग्रजीत लिहा, मध्ये ‘सो’ घालून. मग तीन गोष्टी करा: होकाराचा नकार आणि नकाराचा होकार करा, काळ एक पायरी मागे न्या, निकालाच्या बाजूला ‘वुड’ घाला.

आजची वस्तुस्थिती: ‘वी लिव्ह निअर द रिव्हर, सो वी वरी एव्हरी ऑगस्ट.’
फिरवल्यावर: ‘इफ वी डिड नॉट लिव्ह निअर द रिव्हर, वी वुड नॉट वरी एव्हरी ऑगस्ट.’

तेव्हाची वस्तुस्थिती: ‘वी डिड नॉट मूव्ह द फ्रिज अपस्टेअर्स, सो वी लॉस्ट इट.’
फिरवल्यावर: ‘इफ वी हॅड मूव्ह्ड द फ्रिज अपस्टेअर्स, वी वुड नॉट हॅव लॉस्ट इट.’

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांतली अशी डझनभर वाक्यं सांगलीतल्या कुठल्याही घरात सहज मिळतील. कागदपत्रं खाली राहिली, गाडी गल्लीतच राहिली, शेजारच्यांचं ऐकून एक दिवस थांबलो. हरिपूरला हळदीची जमिनीखालची पेवं होती, २००५ च्या पुरात त्यात पाणी शिरलं. तिथूनही वाक्यं घ्या. पुस्तकातली ‘मी राजा असतो तर’ ही वाक्यं निर्जीव वाटतात, आणि आपल्याशी संबंध नसलेलं वाक्य जिभेवर टिकत नाही. ज्याची खरोखर चुटपुट लागली आहे, तेच सरावाला घ्यावं.

या सरावात एक चूक हमखास होते: ‘वुड’ दोन्हीकडे घालणं. मराठीत ‘आला असता तर भेटलो असतो’, दोन्हीकडे ‘असता-असतो’, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ यावं असं वाटतं. ‘इफ ही वुड हॅव कम’ हे काही इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी ऐकू येतं, पण परीक्षेत मार्क जातात आणि मुलाखतीत कानाला खटकतं. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’, निकालाच्या बाजूला ‘वुड हॅव’. लिहून झाल्यावर ‘इफ’खाली बोट ठेवा, त्याच तुकड्यात ‘वुड’ दिसला तर खोडा.

अलमट्टीचा वाद आणि ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’

महापूर ओसरला की वाद सुरू होतो. एक म्हणतो, अलमट्टीतून पाणी आधी सोडलं असतं तर सांगली वाचली असती. दुसरा म्हणतो, वाचली असती की नाही सांगता येत नाही, कदाचित वाचली असती. या दोघांमधला फरक इंग्रजी एका शब्दात दाखवते.

‘इफ दे हॅड रिलीज्ड द वॉटर अर्लिअर, सांगली वुड हॅव एस्केप्ड.’ बोलणाऱ्याला खात्री आहे.
‘... सांगली माइट हॅव एस्केप्ड.’ शक्यता आहे, तो पैज लावणार नाही.
‘... वी कुड हॅव सेव्ह्ड अवर थिंग्ज.’ तेवढी सवड मिळाली असती.

शिकणारे सगळीकडे ‘वुड’ ठोकतात आणि नकळत ठाम विधानं करत सुटतात. इतिहासाबद्दल बोलताना ‘माइट हॅव’च शोभतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत मराठी नाटक उभं केलं, त्यांना संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. तो आश्रय नसता तर काय झालं असतं? ‘इफ ही हॅड नॉट सपोर्टेड भावे, मराठी थिएटर माइट हॅव बिगन एल्सव्हेअर.’ ‘वुड हॅव’ म्हणालात तर पुरावा मागतील.

तेव्हाची चूक, आजचं फळ

कधी अट तेव्हाची असते आणि परिणाम आज भोगत असतो. मग प्रत्येक तुकड्याला ‘आज की तेव्हा’ वेगळं विचारा.

तो उंचावरचा प्लॉट घेतला असता तर आज निवांत झोपलो असतो.
‘इफ वी हॅड बॉट दॅट प्लॉट, वी वुड बी स्लीपिंग पीसफुली टुनाइट.’

उलटंही होतं. भाऊ मुळातच व्यवस्थित असता तर कागद खाली ठेवले नसते: ‘इफ माय ब्रदर वेअर केअरफुल, ही वुड नॉट हॅव लेफ्ट द पेपर्स डाउनस्टेअर्स.’ पुस्तकं याला मिश्र प्रकार म्हणून शेवटच्या पानावर टाकतात. प्रश्न तोच आहे, फक्त दोनदा विचारायचा.

मुलाखतीत आणि मेलमध्ये

बँकेच्या मुलाखतीत उमेदवार नम्रपणाने म्हणतो, ‘इफ आय वेअर सिलेक्टेड, आय वुड वर्क हार्ड.’ व्याकरण बिनचूक, पण ऐकणाऱ्याला वाटतं की निवड होईल असं याला स्वतःलाच वाटत नाही. म्हणावं, ‘इफ आय ॲम सिलेक्टेड, आय विल वर्क हार्ड.’ मात्र समोरून ‘व्हॉट वुड यू डू इफ अ कस्टमर शाउटेड ॲट यू?’ असा प्रश्न आला तर उत्तरही ‘आय वुड’नेच सुरू करा. प्रश्न कल्पनेतला असताना ‘आय विल’ने उत्तर दिलं की सांधा निखळतो. थोडक्यात, प्रश्नात ‘वुड’ ऐकला की उत्तरात ‘वुड’.

मेलमध्ये ‘ता-तर’चं इंग्रजी रूप अदबीसाठीही येतं. हळदीचा व्यापारी परगावच्या गिऱ्हाइकाला लिहितो, ‘इफ यू सेंड द पेमेंट बाय मंडे, वी विल डिस्पॅच द गुड्स.’ हे व्यवहाराचं, सरळ. जरा आर्जव हवं असेल तर, ‘वी वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द पेमेंट बाय मंडे.’ इथे ‘कुड’ म्हणजे गोष्ट अशक्य आहे असं नाही. मराठीत आपण ‘पाठवलंत तर बरं होईल’ म्हणतो, त्याच्या जवळ जाणारं ते आहे. थकबाकीदाराला तिसऱ्यांदा लिहिताना पहिलं वाक्य वापरावं, असं माझं मत.

याच मेलमध्ये ‘इफ’ मागे गेला, हे पाहिलंत? अट वाक्याच्या शेवटी टाकली तर मध्ये स्वल्पविराम नको, सुरुवातीला असेल तर हवा. आणि मराठीत ‘जर’ गाळता येतो, ‘तर’ नाही. इंग्रजीत ‘इफ’ सहसा गाळता येत नाही, ‘देन’ बहुतेक वेळा गाळावाच.

उरलेले तुकडे, भरभर

‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे. ‘अनलेस यू हरी, यू विल मिस द महालक्ष्मी एक्सप्रेस.’ घाई केली नाहीस तर चुकेल. ‘अनलेस यू डोन्ट हरी’ म्हटलं की अर्थ उलटा होतो.

‘इन केस’ म्हणजे ‘असावं म्हणून’. ‘टेक अ टॉर्च इन केस द लाइट्स गो’, लाइट जातील न जातील, टॉर्च आत्ताच घे. ‘इफ’ घातला तर लाइट गेल्यावर घे असा अर्थ निघतो.

‘तरी’ ऐकू आला तर ‘इव्हन इफ’.

स्पर्धा परीक्षेत ‘इफ’ गायब केलेली वाक्यं येतात: ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कम.’ ‘वेअर आय यू’, ‘शुड यू नीड हेल्प’. ‘हॅड’, ‘वेअर’, ‘शुड’ कर्त्याच्या आधी आले आणि पुढे प्रश्नचिन्ह नसेल, तर तिथे ‘इफ’ लपलेला आहे. ओळखता आलं की पुरे; बोलताना वापरायची गरज नाही.

ऐकताना त्रास देणारी एक गोष्ट. भराभर बोलताना ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोघांचाही ‘ड’ एवढाच उरतो. ‘इफ आयड नोन, आयड हॅव कम.’ ‘ड’च्या पुढे तिसरं रूप असेल तर ‘हॅड’, मूळ रूप किंवा ‘हॅव’ असेल तर ‘वुड’.

रोजचा सराव

सांगली-मिरज एसटीचा प्रवास यासाठी पुरेसा आहे. खिडकीबाहेर दिसेल त्याचं एक वाक्य घ्या आणि तेच तीन ठिकाणी फिरवा: घडू शकतं, आज तसं नाही, तेव्हा तसं झालं नाही. ‘इफ द बस कम्स ऑन टाइम, आय विल रीच बाय टेन.’ ‘इफ द बस वेअर फास्टर, आय वुड बी ॲट माय डेस्क नाऊ.’ ‘इफ आय हॅड टेकन द अर्लिअर बस, आय वुड हॅव गॉट अ सीट.’ मनात नको, ओठ हलले पाहिजेत. घरी आल्यावर त्यातलं एक वहीत लिहा आणि ‘इफ’च्या तुकड्यात ‘विल’ किंवा ‘वुड’ शिरला नाही ना, एवढंच तपासा.

दुसरा सराव साखळीचा, दोघांनी मिळून करायचा. एकाचा निकाल ही दुसऱ्याची अट. ‘इफ इट रेन्स हेविली, कोयना विल फिल.’ ‘इफ कोयना फिल्स, दे विल रिलीज वॉटर.’ ‘इफ दे रिलीज वॉटर, द लेव्हल विल राइज.’ निकालातला ‘विल’ पुढच्या अटीत गळून पडतो. ते गळणं जिभेला सवयीचं झालं की ‘इफ इट विल’ आपोआप बंद होतं. मग तीच साखळी झालेल्या पुराची करा, ‘इफ इट हॅड नॉट रेन्ड’पासून.

आता ही वाक्यं उत्तर झाकून करून पाहा.

तू मिरजेला जाणार असशील तर माझं पार्सल घेऊन ये.
‘इफ यू आर गोइंग टू मिरज, पिक अप माय पार्सल.’

बेदाणा सुकत असताना पाऊस लागला तर माल काळा पडतो.
‘इफ रेझिन्स गेट वेट व्हाइल ड्राइंग, दे टर्न डार्क.’

तू काल फोन केला असतास तर मी स्टँडवर आलो असतो.
‘इफ यू हॅड कॉल्ड येस्टरडे, आय वुड हॅव कम टू द स्टँड.’

त्याने पैसे दिले तरी मी जाणार नाही.
‘इव्हन इफ ही पेज मी, आय विल नॉट गो.’

दहावीत इंग्रजीकडे लक्ष दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती.
‘इफ आय हॅड पेड अटेन्शन टू इंग्लिश इन टेन्थ, आय वुड नॉट बी इन धिस सिच्युएशन टुडे.’

मला पोहता येत असतं तर मी घाबरलो नसतो.
याला दोन उत्तरं आहेत. आत्ता घाटावर उभं राहून म्हणत असाल तर ‘इफ आय न्यू हाउ टू स्विम, आय वुड नॉट बी अफ्रेड.’ त्या पुराच्या रात्रीबद्दल म्हणत असाल, आणि पोहणं अजूनही येत नसेल, तर ‘इफ आय न्यू हाउ टू स्विम, आय वुड नॉट हॅव बीन अफ्रेड.’ मधल्या काळात शिकला असाल तर ‘इफ आय हॅड नोन’.